फुरसुंगीचा बन्या लातूरला आला तेव्हा

२०१७ची दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. सुट्टीत गावी गेलेली अकरावी-बारावीची आणि ‘रिपीटर’ मुलं चिवड्या-लाडवांचे डबे घेऊन लातूरच्या खोल्यांवर परतू लागली आणि २७ ऑक्टोबरला ‘फास्टर फेणे’ लागला. भा. रा. भागवतांच्या पुस्तकमालेतला बन्या, दिग्दर्शन आदित्य सरपोतदारांचं, लेखन क्षितिज पटवर्धनांचं, बन्याच्या भूमिकेत अमेय वाघ. निर्मात्यांमध्ये रितेश देशमुख, म्हणजे बाभळगावचे. लातूरकराला तिकीट काढायला एवढं नातं पुरे होतं. पण सिनेमा सुटल्यावर जे ऐकू आलं, ते गावच्या माणसाच्या कौतुकापुरतं नव्हतं आणि पुण्या-मुंबईकडे या सिनेमावर जे बोललं गेलं त्याच्याशी फारसं जुळणारंही नव्हतं.

मुलांच्या पुस्तकावरून सिनेमा आला की प्रेक्षक साधारण दोन गोष्टी बोलतात. पुस्तकातलं किती राहिलं, ही एक. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहण्यासारखा आहे का, ही दुसरी. नांदेड-लातूरकडे तिसरी एक गोष्ट बोलली जाते आणि माझ्या मते तीच सगळ्यात आधी विचारायला हवी: यात आपलं लेकरू दिसतं का? घरात, शिक्षकांच्या खोलीत, एसटीत, लग्नाच्या मांडवात या सिनेमांबद्दल जे ऐकत आलो, ते या प्रश्नाच्या उजेडात लावून पाहतो आहे.

आधी पुस्तकाची बाजू. भागवतांचा बनेश फेणे हा फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा काटकुळा शाळकरी मुलगा. सायकलवर टांग टाकतो, जिभेने ‘ट्टॉक्’ करतो आणि मोठ्यांच्या लक्षात न आलेली गोष्ट त्याच्या लक्षात येते. त्या मालिकेची पुस्तकं वाचून मोठ्या झालेल्यांना सिनेमातला बन्या पटला नाही, तर त्यात नवल नाही. इथे तो शाळकरी राहिलेला नाही. तो वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायला पुण्यात येतो, परीक्षा केंद्रावर भेटलेल्या धनेश नावाच्या मुलाने आत्महत्या केल्याचं त्याला कळतं, त्यावर त्याचा विश्वास बसत नाही आणि तो मागे लागतो. पुढे परीक्षेचा बाजार मांडणारी टोळी, गिरीश कुलकर्णींनी अंगावर काटा यावा असा उभा केलेला अप्पा, मारामारी, मृत्यू. भागवतांच्या पानांवर ऊन पडलेलं असतं. सिनेमात बहुतेक वेळ अंधार आहे. जुन्या वाचकांची तक्रार अशी की नाव घेतलं, ‘ट्टॉक्’ घेतलं आणि निरागसपणा मागे ठेवला. दिलीप प्रभावळकरांनी साकारलेले खुद्द भागवत पाहून मात्र हेच वाचक हळवे झाले. लेखकालाच गोष्टीत आणून बसवणं ही या सिनेमातली सर्वांत सुंदर कल्पना, यावर दोन्ही बाजूंचं एकमत दिसलं.

ही तक्रार लातूर-नांदेडमध्ये तुलनेने क्षीण ऐकू आली. कारण साधं आहे: तक्रार करायला आधी पुस्तक वाचलेलं असावं लागतं. ज्या काळात पुण्या-मुंबईच्या घरांत मुलांची मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं पोस्टाने येऊ लागली होती, त्या काळात हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि राज्यकारभाराची व शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठीतून शिकवायचं म्हणून १९२१मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा काढावी लागली. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद मुक्त झालं, १९५०मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं आणि १९५६पर्यंत आपण हैदराबाद राज्यातच होतो. त्यामुळे इथल्या कितीतरी घरांत मराठी पुस्तक हातात धरणारी पहिली पिढी म्हणजे आजच्या आजोबांची. त्यांना शाळेत मिळालं ते क्रमिक पुस्तक. गंमत म्हणून वाचायचं पुस्तक त्यांच्या लेकरांच्या वाट्याला आलं, तेही सगळ्यांच्या नाही. नांदेडला नरहर कुरुंदकरांच्या आसपास वाढलेल्या शिक्षक-वकिलांच्या घरांत ‘फाफे’ची पुस्तकं होती आणि त्या घरांतली आज पन्नाशी-साठीतली माणसं पुणेकरांइतकीच चिडलेली मी पाहिली. पण ती थोडी. बाकीच्यांची बन्याशी पहिली भेट सिनेमाच्या अंधारात झाली. कोऱ्या मनाने आलेला हा प्रेक्षक समोर जे दिसेल ते आपल्या आयुष्याशी ताडून पाहतो.

आणि लातूरच्या आयुष्यात त्या वर्षी काय होतं? तेच, जे पडद्यावर होतं. राजर्षी शाहू महाविद्यालयातून सुरू झालेला ‘लातूर पॅटर्न’ नव्वदच्या दशकात राज्यभर गाजला. गुणवत्ता यादी बंद झाली, सीईटी आली, नीट आली. पॅटर्न बदलत गेला, मुलं यायची थांबली नाहीत. आज नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरं शिकवणीच्या मुलांवर उभी आहेत. मेस, झेरॉक्स, अभ्यासिका, कॉट-बेसिसच्या खोल्या: घरमालकापासून पोहेवाल्यापर्यंत सगळ्यांचं अर्थकारण सतरा-अठरा वर्षांच्या मुलांभोवती फिरतं. रविवारची टेस्ट, संध्याकाळी रँक, रात्री गावाकडून फोन, “किती पडले?” अशा मुलांनी पडद्यावर प्रवेश परीक्षेला आलेला, अनोळखी शहरात बॅग घेऊन उभा राहिलेला मुलगा पाहिला. धनेश मेला तेव्हा थिएटरात पसरलेली शांतता मला अजून आठवते. खोलीतल्या कुणाचं तरी असं झाल्याचं त्यांतल्या पुष्कळांनी ऐकलेलं होतं. बाहेर आल्यावर मुलं अमेय वाघच्या धावण्याबद्दल, विनोदांबद्दल मोठ्याने बोलली आणि धनेशबद्दल हळू. एकाने एवढंच म्हटलं की त्याच्या बाबतीत कुणीतरी शोध घेतला, हे बरं वाटलं.

पालकांचं बोलणं दोन तऱ्हांचं होतं. दहावीच्या आतल्या मुलांना घेऊन गेलेले पालक नाराज होते: लेकरांचा पिक्चर म्हणून नेलं आणि हे असलं दाखवलं. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. जाहिरातीत बन्याचं नाव मोठं होतं आणि त्या नावाने आठ वर्षांच्या मुलाला बोलावून त्याच्यापुढे खून ठेवणं बरोबर नव्हे. धाकट्यांना त्या सिनेमात आपलं म्हणावं असं एकच माणूस सापडलं: शुभम मोरेने केलेला रस्त्यावरचा पोरगा, भुभू. घरी आल्यावर ती मुलं बन्याची नक्कल करत नव्हती, भुभूची करत होती. उलट ज्यांची मुलं शिकवणीला होती त्या पालकांना सिनेमा बोचला, आणि बोचला म्हणून आवडला. परीक्षेचा पेपर विकला जातो म्हणजे आपल्या मुलाची दोन वर्षं विकली जातात, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. पुढे जून २०२४मध्ये नीट गैरप्रकाराच्या प्रकरणात नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाने लातूरच्या दोन शिक्षकांना चौकशीसाठी ताब्यात घेतलं, लातूरला गुन्हा नोंदला गेला आणि तपास सीबीआयकडे गेला. तेव्हा २०१७मध्ये ज्यांना हा सिनेमा ‘अति’ वाटला होता, त्यांनी आपलं मत बदलल्याचं मला स्वतः सांगितलं.

माझं स्वतःचं मत या सगळ्यांतून हळूहळू तयार झालं. बन्याला मोठं केलं ही पुस्तकाशी केलेली मोडतोड आहे, यात शंका नाही. पण दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी मुलाचं बालपण संपवायचं, हे तर आपणच इथे घरोघर करतो. शाळकरी बन्याची सायकल काढून त्याच्या हाती हॉल तिकीट देणारा सिनेमा लातूरच्या प्रेक्षकाला परका वाटला नाही, त्याचं कारण हे आहे. सिनेमा आमच्याबद्दल खरं बोलला. मात्र भागवतांनी जे जपलं होतं, कुणी सांगितलेलं नसताना, मार्क मिळणार नसताना, केवळ कुतूहलापोटी एखाद्या गोष्टीच्या मागे लागणारं पोर, ते आमच्या मुलांना त्यात पुरेसं भेटलं नाही. त्याची गरज सगळ्यात जास्त त्यांनाच होती.

आता श्यामकडे येतो. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलं, १९३५मध्ये ते छापून आलं. आचार्य अत्र्यांचा सिनेमा १९५३चा. वनमाला आई, माधव वझे श्याम, आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. सत्तर वर्षांनी, १० नोव्हेंबर २०२३ला, सुजय डहाके यांचा सिनेमा आला. ओम भूतकर साने गुरुजी, गौरी देशपांडे आई, शर्व गाडगीळ छोटा श्याम. रंगांच्या काळात त्यांनी तो कृष्णधवल केला. मिलिंद बोकीलांच्या कादंबरीवरून ‘शाळा’ करणारे दिग्दर्शक हेच, त्यामुळे पुस्तकावरून सिनेमा कसा करावा याची त्यांना जाण होती.

तो पाहायला मिळणं हेच इथे अवघड होतं. दोन दिवसांनी, ऐन लक्ष्मीपूजनाला, सलमान खानचा ‘टायगर ३’ आला. ‘श्यामची आई’च्याच दिवशी ‘नाळ भाग २’सुद्धा लागला होता. मुलांचे दोन चांगले मराठी सिनेमे एकाच दिवशी एकमेकांसमोर उभे करून वर हिंदीतल्या सर्वांत मोठ्या गर्दीच्या तोंडी द्यायचे, याला नियोजन म्हणत नाहीत. तालुक्याच्या गावच्या प्रेक्षकाला दिवाळीच्या फराळातून मोकळं होऊन लातूर किंवा नांदेड गाठेपर्यंत खेळ कमी झालेले किंवा भलत्या वेळेला ढकललेले असतात. पुढे ७१व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘श्यामची आई’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा आणि ‘नाळ भाग २’ला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा पुरस्कार मिळाला. तेव्हा कित्येकांनी ते मोबाइलवर शोधायला सुरुवात केली. पुरस्कारानंतर सिनेमा आठवणं ही आपली जुनी खोड आहे.

ज्यांनी पाहिला त्यांच्या मतांत वयाप्रमाणे मोठा फरक पडला. अत्र्यांचा सिनेमा दूरदर्शनवर पाहिलेल्या आजी-आजोबांना नवी आई फार आवरती वाटली. त्यांना रडायचं होतं आणि सिनेमा त्यांना रडायला जागा देत नव्हता. मधल्या पिढीला तोच संयम भावला. लहान मुलांचा पहिला प्रश्न रंगांचा होता. पहिली वीस मिनिटं ती चुळबुळत होती, हे मी शेजारच्या खुर्च्यांवरून सांगू शकतो. पण नंतर त्यांचं लक्ष गेलं ते शर्व गाडगीळकडे. मूल मुलाला ओळखतं. कृष्णधवल करण्याचा निर्णय मला कलादृष्ट्या पटतो, पण ज्यांच्यासाठी हे पुस्तक आहे त्यांच्या वाटेत त्याने एक उंबरठा उभा केला, हेही खरं.

मात्र नांदेड-लातूरच्या प्रेक्षकाचं वेगळेपण दिसलं ते दुसऱ्याच ठिकाणी. श्यामच्या घराची गोष्ट निघाली की कोकण-पुण्याकडचा माणूस संस्कारांबद्दल बोलतो. इकडचा माणूस कर्जाबद्दल बोलतो. सावकाराचा माणूस वसुलीला दारात येऊन बसतो, घरावर जप्ती येते, चार लोकांत अब्रू जाते आणि त्या घरातली बाई दुसऱ्याचं दळण दळायची तयारी करते. हे ज्याने आपल्या गावात, भावकीत, कधी स्वतःच्या ओसरीवर पाहिलं आहे, त्याला पालगडची नारळी-पोफळी परकी असली तरी ही गोष्ट परकी नाही. औसा तालुक्यातले एक शेतकरी मला म्हणाले, श्यामचे वडील मला जास्त दिसले. आईला समजून घेणारं पुस्तक आहे, बापाला कोण समजून घेणार? पुस्तकाच्या समीक्षेत हा प्रश्न माझ्या वाचनात कधी आला नव्हता. ज्या मुलखात कर्जापायी बाप जीव देतात, तिथल्या प्रेक्षकाला तो सहज सुचला.

दुसरा वाद शिक्षेचा. पोहायला घाबरून माळ्यावर लपलेल्या श्यामला आई शिंपटीने मारून विहिरीवर पाठवते, हा प्रसंग आजच्या तरुण आयांना खटकतो. मुलाची भीती मारून काढायची का, असं त्या विचारतात. वर्षानुवर्षं हा प्रसंग धैर्याचा धडा म्हणून शिकवणाऱ्या शिक्षकांना ते आवडत नाही. मी या आयांच्या बाजूने आहे. पण प्रसंग गाळावा असं मला वाटत नाही. घरात बसून यावर वाद व्हावा, यासाठी तर मुलांचं पुस्तक असतं.

तिसरा वाद सर्वांत महत्त्वाचा आणि तो मराठवाड्यातच एवढ्या स्पष्टपणे होतो. पुस्तकात एका महार म्हातारीची मोळी खाली पडते. आई श्यामला ती उचलून द्यायला पाठवते आणि घरी येऊन आंघोळ कर म्हणूनही सांगते. त्या काळाच्या मानाने आईने केलेलं मोठंच होतं आणि गुरुजींनी पुढे पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. पण नांदेड जिल्ह्याने १९७८च्या नामांतराच्या दंगलीत माणसं गमावली आहेत. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्या आठवणी घेऊन आलेला प्रेक्षक विचारतो: त्या म्हातारीच्या लेकराची गोष्ट कुठे आहे? मोळी उचलणाऱ्या मुलाची कृतज्ञता आम्ही किती दिवस बाळगायची? पुस्तकाचा मोठेपणा मान्य करूनही हा प्रश्न रास्त आहे आणि शाळेत ‘श्यामची आई’ दाखवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने तो वर्गात येऊ द्यावा. मुलं गप्प बसली म्हणून प्रश्न मिटत नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. प्रभावळकरांच्या ‘बोक्या सातबंडे’वरचा २००९चा सिनेमा आणि २०१२चा ‘चिंटू’ (तो पुस्तकावरून नव्हे, वृत्तपत्रातल्या चित्रमालिकेवरून आलेला) हे दोन्ही इकडे मुलांना आवडले आणि विसरले गेले. शहरी सोसायटीतली पोरं, त्यांचं क्रिकेटचं मैदान, त्यांचे काका-काकू. पाहताना हसू येतं, पण आपल्या गल्लीशी गाठ पडत नाही. ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’वरची दूरदर्शन मालिका मात्र आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांच्या मनात अजून ताजी आहे, कारण पोरक्या मुलाला घर मिळण्याची गोष्ट कुठल्याही गावात खरी असते. अलीकडे, २०२४मध्ये, प्रकाश नारायण संतांच्या कथांवरची निपुण धर्माधिकारी यांची ‘लंपन’ ही मालिका आली. तिने एक गोष्ट सिद्ध केली: बेळगावकडची बोली, तिचे हेल, तिचे शब्द जसेच्या तसे ठेवले तरी लातूरच्या माणसाला काही अडत नाही. उलट त्याला आपली बोली आठवते आणि ती अशी पडद्यावर कधी येईल, असं तो विचारतो.

कारण मराठवाड्याची बोली मराठी सिनेमात आली ती मुख्यतः हसवायला. ‘लेकरू’ म्हणणारी आई, ‘उगं बस’ म्हणणारा बाप, दख्खनी हिंदीत भांडणारे दोस्त, सीमेवरच्या देगलूर-बिलोलीकडचा तेलुगूचा वास असलेलं बोलणं: ही सगळी पोरं नांदेडच्या एकाच वर्गात बसतात. त्यांच्यावर कुणी गंभीरपणे, प्रेमाने सिनेमा करायचा तर आधी त्यांच्यावर पुस्तक हवं. लिहिणारे आपल्याकडे आहेत. २०२२च्या उदगीर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष भारत सासणे हे मूळचे मराठवाड्याचे आणि त्यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या किशोरांच्या कादंबरीला २०२४चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आहे. भूतबंगल्यात शिरणारा मुलगा पडद्यावर यायला काय हरकत आहे? २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा घागर घेऊन रांगेत उभी राहिलेली लातूरची मुलं आज विशीत आहेत. किल्लारीच्या भूकंपात आई-वडील गमावलेली मुलं आता चाळिशीच्या आसपास आहेत. त्यांच्या बालपणाची पुस्तकं त्यांनीच लिहायला हवीत.

बाभळगावच्या निर्मात्यांना माझी एक विनंती आहे. तुम्ही बन्याला लातूरच्या मुलांपर्यंत आणलंत, त्याबद्दल आम्ही तुमचे ऋणी आहोत. पुढच्या वेळी त्याला बारा वर्षांचा ठेवा, सायकल त्याच्याकडेच राहू द्या आणि त्याला लातूरच्या गंजगोलाईत फिरवा.

पालकांना विनंती साधी आहे. ‘श्यामची आई’ आणि ‘फास्टर फेणे’ची पुस्तकं आजही बाजारात मिळतात. सिनेमा पाहून आल्यावर त्याच आठवड्यात पुस्तक आणा, रोज एक प्रकरण मोठ्याने वाचा आणि कोणतं जास्त आवडलं ते लेकराला विचारा. त्याचं उत्तर तुमच्या मताविरुद्ध गेलं तर त्याला मधेच तोडू नका.